शिकारीची सुरी वाचायची कशी?

अमेरिकेत लोहारकामाची एक परीक्षा असते. उमेदवारानं स्वतः घडवलेली सुरी घेऊन परीक्षकासमोर उभं राहायचं. पातं जास्तीत जास्त १० इंच लांब आणि २ इंच रुंद. वरून एक इंच जाडीचा दोर टांगलेला असतो, खालचं टोक मोकळं. त्यावर एकच घाव घालायचा आणि दोर तुटला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं, पण लोंबकळणाऱ्या दोराला मागून काहीच टेकू नसतो. धार जरा कमी पडली की दोर नुसता झोका घेतो. मग बांधकामातला दोन बाय चारचा लाकडी वासा त्याच सुरीनं दोनदा तोडायचा. तो तोडून झाला की धार पुन्हा न लावता तिनंच हातावरचे केस भादरून दाखवायचे. आणि शेवटी तिचं टोक व्हाइसमध्ये आवळून सुरी चक्क ९० अंशांत वाकवायची. धारेला थोडी चीर गेली तर चालते, पातं तुटलं तर नापास.

कित्येक दिवस खपून केलेली सुरी अशी दहा-पंधरा मिनिटांत भंगारात जाते. ही परीक्षा घेते अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी. बिल मोरान नावाच्या मेरीलँडच्या लोहारानं १९७६ साली ही संस्था काढली. पहिल्या पायरीला 'जर्नीमन' म्हणतात. त्यानंतर निदान दोन वर्षांनी 'मास्टर'ची परीक्षा देता येते. त्या वेळी याच सगळ्या कसोट्या द्यायच्या, पण निदान ३०० थरांच्या दमास्कस, म्हणजे पोलादाचे थर ठोकून जोडलेल्या, पात्यावर. शिवाय पाच सुऱ्या नुसत्या सफाईसाठी परीक्षकांपुढे ठेवायच्या, त्यातला एक जुन्या युरोपीय घाटाचा खंजीर असलाच पाहिजे. पास झालेले लोहार पात्यावर आपल्या नावाबरोबर जेएस किंवा एमएस ही अक्षरं उमटवतात.

मला या सगळ्यात रस वाटला तो शेवटच्या वाकवण्यामुळे. जी सुरी केस भादरते ती काचेसारखी टणक असणार. टणक वस्तू वाकत नाही, तडकते. आणि जी वाकते ती मऊ असणार, तिची धार दोन कापांत बसणार. मग एकाच पोलादाच्या पट्टीत हे दोन्ही गुण कसे आणायचे? हाताने केलेल्या सुरीचं सगळं कौशल्य या प्रश्नाभोवती फिरतं. गंमत म्हणजे ते डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती चकचकीत मूठ आणि पात्यावरची नक्षी, आणि बहुतेक लोक त्याचेच पैसे मोजतात.

आधी एक गैरसमज दूर करू. शिकारीची सुरी शिकारीसाठी नसते. जनावर बंदुकीनं किंवा बाणानं मरतं, सुरीचं काम त्यानंतर सुरू होतं. अमेरिकेत शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम असतो. परवाना काढून लोक जंगलात जातात, मारलेलं हरीण जागेवरच साफ करतात, सोलतात, मांस घरी नेऊन फ्रीजरमध्ये भरतात. कडाक्याची थंडी, बधिर झालेली बोटं, हात कोपरापर्यंत रक्तानं आणि चरबीनं माखलेले, अंधार पडत आलेला. अशा वेळी हातात काय असावं, याचा विचार म्हणजे शिकारीची सुरी. म्हणून चांगल्या सुरीचं पातं बहुधा साडेतीन-चार इंचांचंच असतं. पडद्यावरचा नायक मांडीला बांधून फिरतो तसला हातभर लांबीचा, पाठीला करवतीचे दात असलेला सुरा घेऊन हरीण सोलायला बसलात तर आधी आतडं फाटेल आणि मग मांस नासेल.

आतडं फाटू नये यावरूनच या सुरीचा सर्वांत प्रसिद्ध आकार ठरला. पात्याची पाठ टोकाकडे जाताना हळूच खाली उतरते आणि टोक जवळपास पात्याच्या मध्यरेषेवर येतं. जनावराच्या पोटाची कातडी आतून वर उचलत कापत जाताना असं टोक आत रुतत नाही. याला तिकडे ड्रॉप पॉइंट म्हणतात. हा घाट लोकप्रिय केला बॉब लव्हलेस या माणसानं. त्याच्याकडे आपण परत येऊ, कारण आधुनिक हस्तनिर्मित सुरीची अर्धी गोष्ट त्याच्याभोवतीच आहे.

पाणी देणं म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे लोहार कोयत्याला, कुऱ्हाडीला 'पाणी देतो'. लाल झालेलं हत्यार दगडी डोणीत बुडवलं की 'चुर्र' आवाज येतो, वाफ उठते, आणि मऊ लोखंडाचं हत्यार होतं. लहानपणी मला वाटायचं, लोखंड खरंच पाणी पितं. तसं काही होत नसलं तरी जे होतं तेही कमी अजब नाही.

पोलाद म्हणजे लोखंड अधिक थोडासा कार्बन. सुरीच्या साध्या पोलादात तो शंभरात एक भागही नसतो. १०८४ नावाचं पोलाद नवशिके लोहार वापरतात, त्यात साधारण ०.८४ टक्के कार्बन असतो. थंड लोखंडाच्या अणूंच्या मांडणीतल्या फटी इतक्या लहान असतात की तिच्यात कार्बनला जवळजवळ जागाच नसते, तो वेगळा, लोखंडाशी संयुग करून राहतो. पोलाद सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात. नव्या मांडणीत मोठ्या फटी असतात, कार्बन त्यांत जाऊन बसतो. आता हे पोलाद सावकाश गार होऊ दिलं तर लोखंड जुन्या मांडणीवर येतं, कार्बन निमूटपणे बाहेर पडतो आणि पोलाद मऊच राहतं.

पण एकदम गार केलं तर? मुलांचा 'स्टॅच्यू'चा खेळ आठवा. कुणीतरी ओरडतं आणि जो जसा असेल तसा थिजतो. एक पाय वर, मान वाकडी, अंगाला रग लागलेली. कार्बनची तीच गत होते. त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, लोखंडाला मागे फिरायचं असतं पण मधे कार्बन अडकलेला. सगळी मांडणी ताणलेल्या अवस्थेत आखडून जाते. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात, आणि तो ताण म्हणजेच टणकपणा. अशा पात्यावर कानस फिरवली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरते. लोहार हीच चाचणी घेतो.

हे पातं त्या क्षणी वापरायला मात्र निरुपयोगी असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून त्याला पुन्हा तापवायचं, पण अगदी हलकं, साधारण २०० अंशांवर दोनेक तास, बहुधा दोनदा. घरगुती ओव्हनही चालतो. ताणलेल्या मांडणीला थोडा आराम मिळतो, थोडा टणकपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. स्वच्छ घासलेल्या पात्यावर या वेळी गव्हाच्या काडासारखा पिवळसर रंग चढतो. थर्मामीटर नव्हते तेव्हा लोहार या रंगावर विसंबून असत. पिवळा जाऊन निळा आला की ते धारेसाठी जास्त झालं, पाठीसाठी मात्र ठीक.

टणक आणि चिवट हे दोन शब्द इथे नीट वेगळे ठेवायला हवेत, बोलताना आपण ते एक करून टाकतो. काच टणक आहे, चिवट नाही. चामडं चिवट आहे, टणक नाही. सुरीला दोन्ही लागतात आणि पोलादात सहसा एक वाढवलं की दुसरं घटतं. लोहार या दोघांमध्ये सौदा करतो. टणकपणा मोजायला रॉकवेल नावाचं माप आहे. हिऱ्याचा सूक्ष्म शंकू ठरावीक वजनानं पोलादात दाबायचा आणि तो किती खोल गेला ते बघायचं. शिकारीच्या चांगल्या सुऱ्या साधारण ५८ ते ६१ या टप्प्यात असतात. त्याहून खाली धार लवकर बसते, फार वर गेलं तर हाडावर आपटताच धारेचा टवका उडतो.

वाकवण्याच्या कसोटीचं गुपित आता सांगता येईल. लोहार सगळ्या पात्याला एकसारखं पाणी देतच नाही. काही जण फक्त धारेकडचा भाग तेलात बुडवतात. काही जण सगळं पातं कडक करून मग धार पाण्यात उभी ठेवून पाठ गॅसच्या टॉर्चनं निळी होईस्तोवर तापवतात. धार टणक, पाठ मऊ आणि चिवट. वाकवताना ताण पाठ सोसते. पातं आम्लात बुडवून काढलं की या दोन भागांमधली सीमारेषा धुक्यासारखी दिसते. जपानी तलवारींवरच्या अशा रेषेला हामोन म्हणतात.

एक गोष्ट खरी सांगायची तर शिकाऱ्याला ९० अंशांत वाकणारी सुरी कधीच लागत नाही. चार इंची पातं कोण वाकवतो? ती कसोटी सुरीची नसून लोहाराच्या हातातल्या आगीची आहे. ज्याला हे जमतं त्याला उष्णता कळते, एवढंच तिच्यातून सिद्ध होतं. पण तेवढंही पुष्कळ आहे, कारण उष्णतेत चुकण्याच्या जागा फार असतात. पाक करणाऱ्या बाईला एकतारी, दोनतारी, गोळीबंद यांतला फरक थर्मामीटरशिवाय कळतो. क्षणभर उशीर झाला की लाडवांचे दगड. भट्टीचंही तसंच. लोहचुंबक चिकटेनासं झालं की पोलाद सुमारे ७७० अंशांना पोचलं. त्याहून थोडं वर न्यायचं आणि बुडवायचं. हावरेपणानं फार तापवलं तर पोलादातले कण मोठे होतात. असं पातं मोडून पाहिलं तर आतून खडीसाखरेसारखं चमचमतं. चांगलं पातं मोडलं तर आत राखाडी मखमल दिसते, कण सुटे दिसतच नाहीत. म्हणून चांगले लोहार नवं पोलाद हाती आलं की आधी एक तुकडा बळी देतात: कडक करतात, मोडतात, बघतात.

आणि पाणी 'देणं' म्हटलं तरी यातले बहुतेक लोक पाणी वापरत नाहीत. पाणी पोलादाला इतक्या झटक्यात गार करतं की पातं डोणीतच तडकतं. बारीक 'टिंग' असा आवाज येतो आणि दिवसभराचं काम संपतं. तेल जरा दयाळू असतं.

घडवणारे आणि घासणारे

आता लव्हलेसकडे. पण त्याच्याआधी दोन माणसं येऊन गेली होती. मिशिगनमध्ये विल्यम स्केगल नावाचा एकांतप्रिय कारागीर होता. चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून आणि शेवटी हरणाच्या शिंगाचा तुकडा लावून तो मुठी करायचा. १९३७ साली मिशिगनमधल्याच वालून तलावाकाठी फ्लोरिडाच्या बो रँडलला एक माणूस दिसला. तो सुरीनं होडीचा जुना रंग खरवडत होता. इतकं राकट काम करूनही सुरीच्या धारेला काही झालं नव्हतं. सुरी स्केगलची होती. रँडलनं ती विकत घेतली आणि घरी जाऊन स्वतः सुऱ्या घडवायला लागला. मूळचा तो संत्र्या-मोसंब्यांच्या बागांचा माणूस. ऑर्लंडोमधली त्याची कार्यशाळा आजही चालू आहे आणि तिथल्या सुरीसाठी ग्राहक वर्षानुवर्षं थांबतात.

या थांबण्यातूनच पुढची गोष्ट घडली. १९५३ च्या सुमारास व्यापारी जहाजावर काम करणारा तरुण बॉब लव्हलेस न्यूयॉर्कमध्ये ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात गेला. आज कपड्यांसाठी ओळखलं जाणारं हे नाव तेव्हा शिकारी आणि भटक्यांचं मोठं दुकान होतं. त्याला रँडलची सुरी हवी होती. नऊ महिने थांबा, असं उत्तर मिळालं. लव्हलेसनं भंगारातून एका जुन्या पॅकार्ड गाडीच्या स्प्रिंगचं पोलाद मिळवलं आणि जहाजाच्या भटारखान्यातल्या शेगडीवर तापवून स्वतःच सुरी केली, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. पुढे त्याच दुकानानं त्याच्या सुऱ्या विकायला घेतल्या.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडचे लोहारही ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून कोयते करतात. स्प्रिंगचं पोलाद चिवट असतं, पाणी चांगलं घेतं, आणि भंगारात स्वस्त मिळतं.

लव्हलेस मात्र पुढे ऐरणीपासून दूर गेला. पोलादाची तयार सपाट पट्टी घ्यायची, आकार कापायचा आणि नको तेवढं पट्ट्याच्या ग्राइंडरवर घासून काढायचं, ही त्याची पद्धत. घण नाही, भाता नाही. कट्टर लोहार याला नाक मुरडतात. पट्टी घासून झाली ती सुरी कसली, असा त्यांचा सूर. मला हा वाद बराचसा अभिमानाचा वाटतो. आजच्या कारखान्यातून येणारं पोलाद इतकं शुद्ध आणि एकसारखं असतं की ते ठोकून आणखी 'घट्ट' होत नाही. ठोकण्यानं आकार मिळतो, माल वाचतो, आणि लोहाराला आनंद मिळतो. धारेचं भवितव्य मात्र दोन्ही पद्धतींत उष्णतेवर आणि घासण्यावरच ठरतं.

लव्हलेसची दुसरी कामगिरी म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं १५४ सीएम नावाचं पोलाद सुऱ्यांसाठी वापरायला सुरुवात केली. त्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के मॉलिब्डेनम. रक्त, ओल, आंबट फळं यांनी साधं पोलाद डागाळतं, हे बऱ्यापैकी टिकतं. पण याला कडक करायला हजार अंशांच्याही वर नेमकं तापमान राखावं लागतं. ते डोळ्यांनी आणि लोहचुंबकानं जमत नाही, नियंत्रित विजेची भट्टीच हवी. म्हणजे हस्तनिर्मित म्हटलं की कोळशाची भट्टी आणि घामाघूम लोहार, हे चित्र निम्म्याच सुऱ्यांना लागू पडतं.

डोळे आणि नख

समजा, अशी एखादी सुरी तुमच्या हातात आली. काय बघाल?

आधी नक्षी बघू नका. सुरी पाठ वर करून, टोक आपल्याकडे धरून डोळ्यासमोर आणा. पात्याची जाडी मुठीपासून टोकाकडे एकसारखी कमी होत गेलेली दिसली पाहिजे. मग उलट करून धारेच्या बाजूनं बघा. धार बरोबर मधोमध आहे का? दोन्ही बाजूंचे उतार सारखे आहेत का? पात्याचा उतार मुठीजवळ जिथे संपतो तिथे एक वळणदार रेघ असते. डाव्या आणि उजव्या बाजूची ही रेघ आरशातल्या प्रतिमेसारखी जुळायला हवी. ग्राइंडरचा पट्टा वेगानं फिरत असतो, पातं कारागिराच्या दोन्ही हातांत असतं, कसलाही साचा नसतो. एक बाजू सुरेख करणं फारसं अवघड नाही. दुसरी बाजू तिच्यासारखीच करणं यात वर्षं जातात, कारण तिथे हात उलटे पडतात. नवशिक्याची सुरी ओळखायची सर्वांत सोपी जागा हीच.

उतार सपाट आहे, आत खोलगट आहे की बाहेर फुगीर, हेही बघा. लव्हलेस खोलगट उतार घालायचा. चाकावर घासल्यानं पातं धारेजवळ फार पातळ होतं आणि कातडी सोलताना सरसर चालतं. मोरान फुगीर उताराचा. असा उतार धारेमागे जास्त पोलाद ठेवतो, लाकूड तोडतानाही टिकतो. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, काम वेगळं.

धारेच्या लगेच मागची जाडी मात्र कुठल्याही प्रकारात महत्त्वाची. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असली तर सुरी कापते. दीड मिलिमीटर असली तर जगातलं सर्वांत महाग पोलादही पाचरीसारखं अडकतं. तुमच्या घरातली जुनी विळी वर्षानुवर्षं धार लावूनही हल्ली भोपळ्यात अडते, त्याचं कारण हेच. पातं झिजत झिजत जाड भागापर्यंत आलेलं असतं. धार लावणारा कडा तेवढी घासून जातो, मागचं पोट कुणी उतरवत नाही.

मग प्रकाशात पातं हळूहळू कलतं करा. शेवटची घासणी हातानं, कागदावर कागद बदलत, तासन्‌तास केलेली असते. सगळे ओरखडे एकाच दिशेनं, पात्याच्या लांबीत जायला हवेत. मधेच एखादा स्वल्पविरामासारखा वळलेला ओरखडा दिसला तर समजा, तिथे कारागीर कंटाळला होता. आरशासारखी चकाकी बघून दिपून जाऊ नका. मोठ्या चाकावर पॉलिश करून बारीक दोष लपवता येतात, हातानं घासलेल्या मंद पृष्ठभागावर काही लपत नाही.

आता नख. मुठीच्या लाकडावरून नख फिरवत पितळी खिळ्यावर आणा. अडखळलं नाही पाहिजे. मूठ आणि पोलाद यांच्या सांध्यावर फिरवा, तिथेही नाही. परज, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली धातूची आडवी पट्टी, असेल तर ती पात्याला जिथे बिलगते तिथे सुरी उजेडासमोर धरा. फट दिसली तर त्या फटीत उद्या रक्त आणि पाणी शिरणार, आणि आतून गंज सुरू होणार. कारागिरीचं हे अंग नुसतं सौंदर्याचं नाही.

पोलादाचा जो भाग मुठीत शिरतो त्याला आपण देठ म्हणू. लव्हलेसच्या सुऱ्यांत देठ मुठीएवढाच रुंद असतो, पण मागे जाता जाता पातळ होत जातो. मुठीच्या वरच्या कडेवर ही निमुळती पोलादी रेघ दिसते. यानं मागचं वजन घटतं आणि तोल तर्जनीखाली येतो. करायला ही गोष्ट छळवादी आहे, कारण दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मग तिरक्या पृष्ठभागावर बिनफटीच्या बसवाव्या लागतात. जो हे करतो त्यानं बाकीच्या जागीही आळस केलेला नसण्याची शक्यता बरीच.

मुठीच्या बाबतीत आपला एक धागा सरळ जुळतो. जगभरच्या सुरीकारांना हरणाच्या शिंगांत सर्वांत प्रिय होतं ते भारतातलं सांबरशिंग. बहुतेक हरणांची शिंगं आतून जाळीदार, भुसभुशीत असतात. सांबराचं शिंग त्या मानानं खूप भरीव, वरून खडबडीत, ओल्या हातातही न निसटणारं. सांबर दर वर्षी शिंगं गाळतं, ती गोळा करून परदेशी जात. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सुऱ्यांच्या कारखान्यांनीही ती भरपूर वापरली. पण 'गळालेलं शिंग' आणि 'मारून काढलेलं शिंग' यांत कागदोपत्री फरक कसा करणार? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची पकड पुढे घट्ट होत गेली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही निर्यात थांबली. तेव्हापासून तिकडच्या कारागिरांकडे उरलेला जुना साठा सोन्यासारखा जपला जातो. आम्हा भारतीयांना यात हळहळण्यासारखं काही नाही. शिंग सांबराच्या डोक्यावर राहिलं हे बरंच झालं, आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातलं आयर्नवुड किंवा कापडाचे थर राळेत दाबून केलेला मायकार्टा यांच्या मुठी कामाला कुठे कमी पडत नाहीत.

नक्षीचं प्रकरण

शेवटी त्या लहरदार नक्षीबद्दल. १९७३ साली सुरीकारांच्या एका प्रदर्शनात बिल मोराननं दमास्कस पोलादाच्या आठ सुऱ्या मांडल्या. अमेरिकेत ही कला जवळपास विसरली गेली होती. मोराननं ती लपवून ठेवली नाही, कृती सांगून टाकली, आणि दहा-पंधरा वर्षांत शेकडो लोक ती करू लागले.

कृती अशी. दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या आलटून पालटून रचायच्या. त्यातल्या एकात थोडं निकेल. वर टाकणखार भुरभुरवायचा, म्हणजे मळी वितळून बाहेर पडते. पिवळं पांढरं होईस्तोवर तापवून ठोकायचं, थर एकजीव होतात. मग लांबवायचं, मधे कापून दुमडायचं, पुन्हा जोडायचं. सुरुवातीला १० पट्ट्या असतील तर पाच दुमडींत ३२० थर. शेवटी पातं आम्लात बुडवलं की निकेलचे थर चमकत राहतात, बाकीचे काळवंडतात. एखाद्या थरात कणभर मळी राहिली की तिथे सांधा कच्चा. हे दिवसभराचं, चटके खात करायचं काम आहे आणि त्याबद्दल आदरच वाटतो. पण दोन चांगली पोलादं एकत्र केल्यानं सुरी एकट्या चांगल्या पोलादापेक्षा जास्त कापते, असं नाही. नक्षी ही नक्षीच.

म्हणूनच ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या नक्षीदार 'दमास्कस' सुऱ्यांपासून जरा लांबच राहावं. पोलाद कोणतं, टणकपणा किती, कडक कुणी केलं, यातलं काहीच विक्रेता सांगत नसेल तर तुम्ही फक्त चित्र विकत घेताय. हातानं एक सुरी पूर्ण करायला कारागिराचे वीस-तीस तास सहज जातात. त्या हिशेबानं किंमत करून बघा, उत्तर आपोआप मिळेल.

खरी जुनी दमास्कस पाती या दुमडलेल्या पोलादाची नव्हतीच. ती वूट्झची, म्हणजे दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये मुशीत वितळवून केलेल्या पोलादाची. तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक नावाजलेलं केंद्र. तिथल्या पोलादाचे गोळे पश्चिम आशियात जात आणि तिकडचे लोहार त्यांच्या तलवारी करत. त्यातली नक्षी दुमडण्यातून येत नसे, पोलाद गार होताना आत रांगांनी जमणाऱ्या कार्बाइडच्या, म्हणजे धातू आणि कार्बन यांच्या संयुगाच्या, कणांतून येत असे. ही विद्या एकोणिसाव्या शतकात संपली. ती पुन्हा उकलली अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि घोड्यांना नाल ठोकणारे फ्लोरिडाचे लोहार अल पेंड्रे या जोडीनं, १९९० च्या दशकात. खनिजात अगदी नाममात्र असलेलं व्हॅनेडियम त्या रांगा घडवतं, असं त्यांना आढळलं. विशिष्ट खाणींचा माल संपला आणि त्याबरोबर नक्षीही गेली, असा त्यांचा तर्क आहे. प्राध्यापक आणि नालबंद एकत्र बसून आपल्याच मातीतलं कोडं सोडवतात, हे वाचताना मला थोडा हेवा वाटला होता.

इतकी सगळी पारख करून एखादी सुरी तुम्ही घेतलीत, किंवा परदेशातल्या कुणी भेट दिली, तर एक चूक करू नका. तिच्यासोबत हातशिलाईचं, जाड चामड्याचं सुंदर म्यान येईल. आपण मोठ्या प्रेमानं सुरी त्यात सरकवून कपाटात ठेवतो. चामडं कमावताना त्यात आम्लं आणि क्षार राहिलेले असतात, शिवाय ते हवेतली ओल धरून ठेवतं. कोकणातला एक पावसाळा पुरतो. पात्याला तेलाचं बोट फिरवा, कागदात गुंडाळून वेगळी ठेवा, आणि म्यान तिच्या शेजारी रिकामं राहू द्या.